ओले उंदीर, कोरडे उंदीर

आमच्या संस्थेच्या फाटकासमोर मोठा रस्ता आहे आणि त्याच्या पलीकडे बसथांबा. आमच्या उंदरांचे पिंजरे सांभाळणारे पोचन्ना रोज संध्याकाळी साडेपाचला तो रस्ता ओलांडतात. गेले चार दिवस मी घरात तांदूळ धुते आहे, अरिसेलूंसाठी, म्हणजे आमच्याकडच्या अनारशांसाठी, गुळाचा पाक बघते आहे, वाळलेले कपडे घडी करते आहे, आणि त्या सगळ्याच्या मागे हा माणूस सारखा तो रस्ता ओलांडतो आहे आणि उजवीकडून एक ट्रक येतो आहे. ट्रक अजून पोचलेला नाही. माझ्या डोक्यातले ट्रक कधी पोचत नाहीत, नुसते येत राहतात.

काळजी करणं हा माझा खरा विषय. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केली ती उगाचच; या विषयात मला न वाचता पहिला वर्ग मिळाला असता. माझी मुलगी हरिणी बेंगळुरूला नोकरी करते. तिला मी दिवसातून तीनदा फोन करते. सकाळी काही खाल्लं का, दुपारी काय खाल्लं, संध्याकाळी खोलीवर पोचलीस का. ती म्हणते, "अम्मा, उपाशीपोटीचं, जेवणानंतरचं आणि झोपायच्या आधीचं, अशी तीन रीडिंग तू माझी घेतेस. माझ्या दारावर एकदाचं पिंजऱ्यावरचं कार्ड लाव, वजनही लिहीत जा." तिला हे बोलता येतं, कारण लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिने आमच्या अॅनिमल हाउसमध्ये पोचन्नांच्या मागे हिंडून काढल्या आहेत. ती त्यांना मामा म्हणते. त्यांच्याकडून ती उंदराला मानेमागे न चिमटता कसं उचलायचं ते शिकली. माझ्याकडून काय शिकली, ते मला अजून कळलेलं नाही.

तर माझं काम. उंदरांच्या डोळ्यांत बघणं. एकोणीस वर्षं मी ते करते आहे आणि लग्नकार्यात कुणी विचारलं की अजूनही मी फक्त "संशोधन संस्थेत आहे" एवढंच सांगते. उंदरांना एक इंजेक्शन देतात, त्याने त्यांचं स्वादुपिंड निकामी होतं आणि तीन दिवसांत साखर चढते. शेपटीच्या टोकाला बारीक टोचून थेंब घ्यायचा. आकडा अडीचशेच्या वर गेला की तो उंदीर मधुमेही, अभ्यासात घ्यायचा. मग ते घटाघटा पाणी पितात, पिंजऱ्यातलं भाताचं तूस ओलंकच्च करतात, वाळत जातात, आणि काही आठवड्यांत त्यांचं भिंग धुरकट होऊ लागतं. दर मंगळवारी स्लिट लॅम्पखाली एकेकाचा डोळा बघून मी शून्य ते चार असा आकडा लिहिते. शून्य म्हणजे स्वच्छ, चार म्हणजे दुधाचा थेंब. उंदीर काही आपणहून यंत्रापुढे बसत नाही. त्याला पोचन्ना धरतात. म्हणजे मंगळवारी मी ज्या डोळ्यात निरखून बघते, त्याच्या वीतभर वर पोचन्नांचे स्वतःचे दोन डोळे असतात. तिथे मी एकोणीस वर्षांत एकदाही बघितलं नाही. माझ्या कामात ते येत नव्हतं.

त्यांचं नाव पोचय्या. थोरल्या भावाचा अन्ना जोडून त्यांचं पोचन्ना झालं आणि आता संचालकही तसंच म्हणतात. जनगावच्या पुढच्या खेड्यातले. वडील मेंढ्या राखायचे. मेंढीच्या पोटाखाली तळवा घालून ती किती दिवसांची गाभण आहे ते सांगायचे म्हणे, आणि पोचन्नांच्या मते हात हा त्यांच्या घरातला वारसा, बाकी वाटणीत काही आलं नाही. बाविसाव्या वर्षी ते आमच्याकडे रोजंदारीवर पाण्याच्या बाटल्या धुवायला आले. चार वर्षांनी कायम झाले. आल्यापासूनच्या सदतीस वर्षांत त्यांना उंदीर किती वेळा चावला, तर दोनदा, आणि दोन्ही वेळा चूक आपली होती असं ते सांगतात. नवीन आलेले पीएच.डी.वाले हातमोज्यांवर हातमोजे चढवून पिंजऱ्यापाशी थरथरत उभे राहतात, तेव्हा पोचन्ना म्हणतात, "बाळा, तो तुला घाबरलाय, तू त्याला घाबरलायस, मग औषध कोणी कोणाला द्यायचं?"

मला ते अम्मा म्हणतात, मी सहा वर्षांनी लहान असूनही. मी कोनसीमेची, ते तेलंगणाचे, त्यामुळे टोमणे ठरलेले. माझा डबा उघडला की, "तुम्ही गोदावरीकाठचे लोक भाजीतही गूळ घालता आणि पगार घेता मधुमेहाच्या अभ्यासाचा." त्यांच्या डब्यात ज्वारीची रोटी आणि तिखटजाळ काहीतरी असे. मी मनात म्हणायची, याला काय होणार आहे. बघा माझं शास्त्र.

बघायचं असतं तर बरंच दिसलं असतं. बतुकम्मा या फुलांच्या सणाच्या दिवसांत आमच्या संस्थेतल्या बायकांसाठी पोचन्ना कुंपणामागच्या माळावरून तरवडाची पिवळी फुलं पोतंभर तोडून आणतात. दरवर्षी, न सांगता. या वेळी पोतं उघडलं तर अर्ध्यावर भलतंच कुठलं तरी पिवळं रानफूल. आम्ही बायका हसलो. मीच सगळ्यांत मोठ्याने म्हणाले की पोचन्नांचं लक्ष आता निवृत्तीकडे लागलंय. तेही हसले. पुढे ते चहा ओतताना पेल्याच्या काठावर आतून बोट ठेवू लागले. मला वाटलं, स्वच्छतेची सवय सुटत चालली. थांब्यावर बसचा नंबर ते शेजारच्याला विचारायचे. मला वाटलं, बोलका माणूस. प्रत्येक गोष्टीला मी असं काही ना काही कारण शोधून दिलं. हरिणी एकदा नुसती शिंकल्यावर मी ऑनलाइन सात आजार शोधून काढले होते.

आता त्या अभ्यासाबद्दल. आमचे प्रमुख मृत्युंजय सर. नल्लमलाच्या जंगलातल्या एका झाडाची साल त्यांना सापडली. नाव सांगायला मला बंदी आहे, आणि मी पुढे जे सांगणार आहे त्यानंतर नाव विचारायला कुणी येणारही नाही. सालीच्या अर्काने साखर उतरते का आणि डोळे वाचतात का, ते बघायचं. छत्तीस मधुमेही उंदीर. अठरांना अर्क, अठरांना नुसतं पाणी. एका पिंजऱ्यात तीन. उंदरांच्या कानाला खुणेचं भोक पाडायचं यंत्र मोडलं होतं, नवं यायचं होतं, म्हणून शेपटीवर मार्करने रेघा: अर्कवाल्यांना एक, पाणीवाल्यांना दोन. ही शाई आठवडाभरात पुसट होते, म्हणून दर शुक्रवारी पिंजरे धुतले की रेघा पुन्हा ओढायच्या.

पिंजरे धुण्याची पोचन्नांची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. एकेक पिंजरा रिकामा करत बसलं तर दुपार होते. ते दोन पिंजरे एकदम घ्यायचे, अर्काचा एक आणि पाण्याचा एक. सहाही उंदीर मोठ्या टबात. पिंजरे धुवायचे, कोरडं तूस घालायचं, मग शेपटी बघून ज्याला त्याला आपल्या घरी सोडायचं. शेवटी रेघा ठळक करायच्या. नोंदवहीत एक रकाना असतो: शेपटीच्या खुणा तपासल्या. तिथे बरोबरची खूण करून सही करायची माझी.

मी दर शुक्रवारी सही केली. टबाची वेळ सकाळी नऊची, आणि नऊला हरिणीचा नाश्ता होतो. एका कानाला फोन लावून मी तिला विचारत असायची की इडली घरची की हॉटेलची, आणि उजव्या हाताने सही करत असायची. कार्तिकात तिला ताप आला, तेव्हा तर मी पंधरा दिवस फोन कानावरून काढलाच नाही. तिला डेंग्यू नव्हता. साधा ताप होता.

आठव्या आठवड्यापासून निकाल दिसू लागले. अर्कवाल्यांची साखर पाणीवाल्यांपेक्षा ठसठशीत कमी. त्यांची भिंगं स्वच्छ, पाणीवाल्यांची धुरकट. दहाव्या आठवड्यात फरक इतका की मृत्युंजय सर, जे कधी कुणाच्या वाढदिवसाला थांबत नाहीत, त्यांनी मोठा डबा भरून दूधपेढे वाटले. मधुमेहाच्या प्रयोगशाळेत छत्तीस माणसांनी ते खाल्ले. मीही दोन खाल्ले. पोचन्नांनी आपला पेढा हात जोडून घेतला आणि कागदात बांधून घरी नेला, एल्लव्वाला, म्हणजे बायकोला.

एक उंदीर मात्र मला खटकत होता. त्याचा डावा कान भांडणात फाटलेला. पहिल्या महिन्यात मी त्याला पाणीवाल्यांत लिहिलं होतं. अकराव्या आठवड्यात तो अर्कवाल्यांच्या पिंजऱ्यात बसून माझ्याकडे स्वच्छ डोळ्यांनी बघत होता. मी काय केलं, तर माझी जुनी नोंद खोडली. वाटलं, मीच चुकले असेन, त्या दिवशी हरिणीची रिक्षा बंद पडली होती. स्वतःवर अविश्वास ठेवायची मला इतकी सवय आहे की पुरावा समोर बसला असतानाही मी त्याचीच बाजू घेतली नाही.

भोगीच्या आदल्या शुक्रवारी हरिणी विमानात होती. ती दोन दिवसांसाठी मैत्रिणींबरोबर कुठेतरी निघाली होती आणि तासभर तिचा फोन बंद होता. म्हणून या अभ्यासात बहुधा पहिल्यांदाच मी रिकाम्या कानाने टबापाशी उभी राहिले. पोचन्ना एकेक उंदीर उचलत होते. शेपटीकडे बघतच नव्हते. उंदीर तळव्यावर घ्यायचे, पोटावरून अंगठा फिरवायचे, वजनाचा अंदाज घ्यायचे, एकदा तळवा हुंगायचे आणि पिंजऱ्यात सोडायचे. एकाला डावीकडे, एकाला उजवीकडे. मग मार्कर घेऊन, शेपटी डोळ्याला जवळजवळ टेकवून, ज्या पिंजऱ्यात जो आहे त्याप्रमाणे रेघा ओढायचे.

मी विचारलं की शेपट्या बघत नाही का. ते सहज म्हणाले की शेपटीवरचं आता कुठे दिसतं, पण अडत नाही, हाताला कळतं. कधीपासून, तर कार्तिकाच्या आधीपासून. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "ओला, हलका, पोटाला चिकट, तो पाण्यावाला. कोरडा, भरलेला, तो औषधावाला. एकदाही चुकलो नाही, अम्मा. तुमच्याच आकड्यांत बघा."

आमच्या इंजेक्शनने सगळे उंदीर सारखे आजारी पडत नाहीत. काहींची साखर भयंकर चढते, काहींची बेताची. पोचन्नांनी दर शुक्रवारी थोडे थोडे करत सगळे बेताचे आजारी उंदीर अर्काच्या पिंजऱ्यांत जमा केले होते आणि सगळे फार आजारी पाण्याच्या. वर शाईने तसं लिहूनही ठेवलं होतं. आणि त्यावर माझी सही होती.

मी त्यांना म्हणाले, "पोचन्ना, औषधाने ते कोरडे झाले नाहीत. जे कोरडे होते, त्यांना तुम्ही औषधाच्या पिंजऱ्यात नेऊन ठेवलंत."

हातातला उंदीर त्यांनी पुन्हा टबात सोडला. मग विचारलं, "मग सालीत काय आहे?"

"माहीत नाही. कदाचित काहीच नसेल."

"आणि मी?"

मला ते कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. एकेक वाक्य, मान खाली घालून, टबाच्या कडेचं तूस बोटाने पुसत. साखर त्यांना सहा वर्षांपासून होती. बस्तीतल्या दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. मार्गशीर्षात, उंदीर कोरडे होत चाललेत हे स्वतःच्या हाताने पाहिल्यावर, त्यांनी गोळ्या बंद केल्या. कुटलेली साल चाळल्यावर चाळणीत जे जाडं उरतं ते आम्ही फेकून देतो. ते पुडीत बांधून ते घरी नेत आणि सकाळ-संध्याकाळ चहात उकळून पीत. दीड महिना झाला. संस्थेत कुणाला सांगितलं नाही, कारण मालाची चोरी ठरेल की काय अशी भीती. मला का नाही सांगितलं, तर "तुम्ही काळजी करत बसला असता."

अख्ख्या हैदराबादेत माझ्या काळजीचा धाक फक्त एका माणसाने घेतला, आणि तो असा.

उंदरांचाच ग्लुकोमीटर होता. मी त्यांचं बोट टोचलं. तीनशे ब्याण्णव. पोचन्नांना आकडा वाचता येईना, मी वाचून दाखवला. ते म्हणाले, "अडीचशेच्या वर. म्हणजे अभ्यासात घ्यायचा." आणि हसले. मी हसले नाही, पण मला हसू यायला लागलं होतं हे कबूल करते.

मग मी स्लिट लॅम्पची हनुवटी ठेवायची पट्टी कपाटातून काढली. ती एकोणीस वर्षं कपाटात होती, उंदराला हनुवटी नसते. धूळ झटकून लावली आणि त्यांना बसायला सांगितलं. ते तयार होईनात. मी काय उंदीर आहे का, म्हणाले. मी म्हटलं, "उंदीर असता तर बारा आठवड्यांत बारा वेळा बघितला असता मी तुमचा डोळा. माणूस आहात म्हणून राहून गेला." तेव्हा बसले.

दोन्ही भिंगं धुरकट होती. सवयीने माझ्या हाताने छत्तिसाव्या उंदराखाली सदतिसावी ओळ आखली आणि दोन्ही डोळ्यांपुढे दोनचा आकडा लिहिला. मोतीबिंदूचं मला तेवढं वाटलं नाही; तो काढता येतो. त्याच्या मागे पडद्याचं काय चाललंय ते आमच्या त्या यंत्राने मला दिसत नव्हतं. पण पोचन्ना म्हणाले की महिन्याभरापासून उजव्या डोळ्यापुढे काळी जळमटं तरंगतात, झटकली तरी जात नाहीत. मी डॉक्टर नाही. पण मधुमेही उंदरांचे पडदे काढून, रंगवून, मी शेकडो वेळा बघितले आहेत. बारीक रक्तवाहिन्या कशा फुगतात, कशा गळतात, आणि एकदा रक्त सांडलं की पुढे काय होतं. याला आठवड्यात डोळ्यांचा डॉक्टर हवा, एवढं कळायला मला कुठल्याही पदवीची गरज नव्हती.

मी तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की दाखवतो, निवृत्तीनंतर. डिसेंबरात त्यांना साठ पूर्ण होतात. आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी हार घालतात, शाल देतात आणि संस्थेच्या गाडीतून घरच्यांसह गावापर्यंत सोडतात. पोचन्नांच्या वाडीवस्तीत आजवर सरकारी गाडी कुणाला सोडायला आलेली नाही. आता डोळे तपासायला संस्थेचं मेडिकल कार्ड चालवायचं तर आमच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर दिसत नाही असं लिहिलं जाणार, मग कुणीतरी विचारणार की दिसत नव्हतं तर शेपट्या कोण बघत होतं.

"अकरा महिने, अम्मा," ते म्हणाले. "शाल घेऊन घरी जातो. मेमो घेऊन नको. सरांना सांगू नका."

मी म्हटलं, बघू. हा शब्द मी आयुष्यात फक्त तेव्हा वापरते जेव्हा मला काहीही बघायचं नसतं. बाहेरच्या दवाखान्यात, माझ्या खर्चाने जाऊ या, असंही म्हणून पाहिलं. त्यांनी जायचं नसल्यासारखी नुसती मान डोलावली. गोळ्या मात्र आजपासून सुरू करतो म्हणाले, आणि साडेपाचला रस्ता ओलांडून गेले. मी फाटकापाशी उभी राहून बघितलं. ते उजवीकडे बघत नव्हते. ऐकत होते.

त्यानंतर सण आला आणि माझ्यासारखीला सण म्हणजे निमित्तांचं दुकान. भोगीला सरांना फोन करायचा होता, पण भोगीला पहाटे जुन्या वस्तू जाळतात, घरात धूर, बोलायला शांतता नाही. संक्रांतीच्या दिवशी माणसाच्या घरी सुगीची पूजा असते, तेव्हा असं काही सांगतात का? दुसऱ्या दिवशी, कनुमाला, आमच्याकडे कुणी प्रवासाला निघत नाही, मी फोनलाही प्रवासात धरलं. मधल्या काळात मी हरिणीला एकूण चौदा फोन केले. शेवटी ती म्हणाली, "अम्मा, तुला दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचं आहे. मला कळतंय. त्यांना कर." मी म्हटलं, तसं काही नाही, तू कोंड्यासाठी केसांना कुठलं तेल लावतेस ते सांग.

आज मुक्कनुमा, सणाचा चौथा आणि शेवटचा दिवस. आज निमित्त उरलं नव्हतं, म्हणून सरांकडे पाहुणे असतील असं मी गृहीत धरलं. मुख्य कचेरी बंद असली तरी उंदरांना सुट्टी नसते. आज मी कामावर गेले. पोचन्ना आधीच आले होते, बाटल्या भरत होते. त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला, काठावर आत बोट ठेवून. त्यांच्या पेल्यातून वेगळा वास आला. मी विचारलं. ते थोडे वरमले आणि म्हणाले की गोळ्या सुरू केल्यात, शपथेवर सांगतो, पण सालही थोडी घेतो. घरात दोन पुड्या शिल्लक आहेत, वाया का घालवायच्या.

मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की मला स्वतःलाच तो खरा वाटत नाही. मी म्हटलं की मी सांगितलं ना, ते सगळं उंदीर बदलल्यामुळे झालं. पोचन्नांनी ऐकून घेतलं. मग अगदी समजुतीच्या सुरात, जसं ते नवीन पोरांना समजावतात तसं, मला म्हणाले, "अम्मा, तुम्ही काळजीच्या स्वभावाच्या. सर एवढे शिकलेले. साल खोटी असती, तर त्यांनी दूधपेढे वाटले असते का?"

त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. गेली एकोणीस वर्षं मी दर दिवशी कशाची ना कशाची भीती घातलेली; माझ्या भीतीची किंमत त्यांनी त्यांच्या परीने काढली होती. सरांच्या दूधपेढ्यांसमोर ती काहीच नव्हती. ते उद्याही चहात साल उकळतील. परवाही. सर सांगेपर्यंत. आणि सरांना कुणी सांगितल्याशिवाय सर कसं सांगणार?

घरी आल्यापासून हे लिहीत बसले आहे. लिहिताना मला वाटत होतं की शेवटपर्यंत पोचले की काहीतरी दुसरा मार्ग निघेल, पोचन्नांना शालही मिळेल आणि डोळेही राहतील. शाल मिळेल की नाही ते मला माहीत नाही. मेमो पहिला मला मिळेल, ते माहीत आहे, कारण त्या सगळ्या शुक्रवारांखाली सही माझी आहे. एकदा मी माझं सांगितलं की मग पोचन्नांना लपवायला काही उरत नाही, चिठ्ठीवर काय लिहिलं जाईल याची भीती उरत नाही, आणि सर स्वतः त्यांना साल सोडा म्हणतील. सर रागावले तर मला रागावतील. पोचन्ना माझ्यावर रागावतील, ते वेगळं. बहुधा अकरा महिने बोलणार नाहीत. मला अम्मा म्हणणारी दोनच माणसं आहेत, त्यांतलं एक अकरा महिने गप्प राहील. राहू दे. डोळे असलेला माणूस गप्प बसलेला चालेल.

सर उद्या सकाळच्या विमानाने दिल्लीला चाललेत, हा निकाल दाखवायला. अकराला झोपतात. आता साडेदहा झालेत. काय बोलायचं ते मी तीनदा कागदावर लिहून काढलं आणि तीनही वेळा पहिलं वाक्य पोचन्नांच्या डोळ्यांपासून सुरू झालं. चौथ्यांदा खोडून दुसरं लिहिलंय, त्याच्यापासूनच सुरुवात करायची: सर, मी हैमवती, शेपट्या तपासायचं काम माझं होतं आणि मी त्या बघितल्या नाहीत.

आता नंबर लावते.